संस्कृतीच्या वतीने कोण बोलतो?

आशिया आणि पश्चिम यांच्या संबंधांविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग एका गृहीतावर उभा आहे: आधुनिकता त्यांची आणि संस्कृती आपली. हे एकदा मान्य केले की वाद फक्त प्रमाणाचा उरतो, त्यांचे किती घ्यायचे आणि आपले किती राखायचे. मेजी काळातल्या जपानने आत्मा जपानी आणि तंत्र पाश्चात्त्य असे सूत्र काढले. चीनमध्ये चांग चिह-तुंग यांनी १८९८ मध्ये चिनी विद्या पायाला आणि पाश्चात्त्य विद्या वापराला, अशी वाटणी सुचवली. १९९० च्या दशकात ली क्वान यू आणि महाथीर मोहम्मद यांनी ‘आशियाई मूल्ये’ या नावाखाली तीच वाटणी पुन्हा मांडली. भारतीय राष्ट्रवादाबद्दल पार्थ चॅटर्जी यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात याच दुभागणीचा नकाशा काढला आहे. राज्यकारभार, अर्थव्यवहार, विज्ञान हे बाहेरचे जग पश्चिमेकडून शिकून घ्यायचे. घर, धर्म आणि स्त्री हे आतले जग परक्याचा हात लागू न देता जपायचे. चॅटर्जींनी हे वर्णन प्रामुख्याने बंगालच्या पुराव्यावरून केले. मराठी माणसांचा ब्रिटनशी आलेला संबंध तपासला, तर मात्र ही आत-बाहेरची भिंत जागोजागी ढासळलेली दिसते. साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू घेऊन लंडनमध्ये कंपनी सरकारचे दरवाजे वर्षानुवर्षे ठोठावणाऱ्या रंगो बापूजींपासून आजच्या ब्रिटनमधल्या जातिविषयक कायद्याच्या वादापर्यंतचा पुरावा मला एकच सांगतो. संस्कृती आणि आधुनिकता यांचे आपसांत भांडण नव्हते. संस्कृतीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावरून ते भांडण होते आणि आजही आहे.

याचा सर्वांत लख्ख पुरावा म्हणजे रखमाबाईंचा खटला. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी वयात आल्यावर नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात तो निर्णय टिकला नाही, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचे जाहीर केले. मुंबई-पुण्यात त्यावरून जे रणकंदन माजले, त्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांची भूमिका स्पष्ट होती: इंग्रजी शिक्षणाने बहकलेली स्त्री हिंदू विवाहसंस्थेच्या मुळावर उठली आहे, आणि न्यायालयाने हिंदू धर्माचे रक्षण केले पाहिजे. विलायतेतही या खटल्याचे चित्र असेच रंगवले गेले, फक्त रंग उलटे होते. तिथल्या वाचकाला एका बाजूला रानटी पौर्वात्य रूढी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला तिच्यातून सुटू पाहणारी सुशिक्षित स्त्री.

दोन्ही चित्रे खोटी होती, आणि ती का खोटी होती हे पिन्हींच्या निकालातच आहे. नांदायला येण्याची सक्ती न्यायालयामार्फत करून घेण्याचा दावा हिंदू धर्मशास्त्रात नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला उपाय होता आणि इंग्रजी कायद्याबरोबर इथे रुजवला गेला होता. धर्मशास्त्र स्त्रीला नवऱ्याच्या घरी राहण्याचे कर्तव्य सांगत होते, तिच्यावर सामाजिक बंधनेही घालत होते. पण दिवाणी तुरुंगाची सोय त्यात नव्हती. म्हणजे पुण्याचे सनातनी ज्या हत्याराने ‘आपली’ परंपरा वाचवायला निघाले होते, ते इंग्रजांच्या भात्यातले होते. आणखी पुढची गोष्ट अशी की खुद्द इंग्लंडने १८८४ च्या कायद्याने अशा हुकमाच्या अवज्ञेबद्दलची कैद रद्द केली होती. दादाजींचा दावा दाखल झाला तेही वर्ष तेच. म्हणजे फॅरन यांनी सुनावलेली तुरुंगाची धमकी लंडनमध्ये तीन वर्षांपूर्वीच कालबाह्य झालेली होती. सुधीर चंद्र यांनी या खटल्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून वसाहतीचा कायदा आणि देशी पुरुषसत्ता यांची सांगड कशी बसली ते तपशीलवार दाखवले आहे. त्यात मला भर घालायची आहे ती पुढच्या काळाची. ब्रिटनने हा दावाच १९७० च्या कायद्याने मोडीत काढला. भारतात तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेशी सुसंगत ठरवला. एका इंग्रजी धार्मिक न्यायालयाची रीत इंग्लंडात संपली आणि भारतात हिंदू कायद्याचा भाग म्हणून टिकली. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ यांची फाळणी करू पाहणाऱ्याने आधी या कलमाचे काय करायचे ते सांगावे.

रखमाबाईंच्या खटल्यात १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढच्या वर्षी रखमाबाई वैद्यकीचे शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. त्याआधी सहा वर्षे पंडिता रमाबाई इंग्लंडात पोहोचल्या होत्या. रमाबाईंचा अनुभव मला रखमाबाईंच्या खटल्याहून अधिक गुंतागुंतीचा वाटतो, कारण तिथे संस्कृतीच्या वतीने बोलणारे प्रवक्ते इंग्रज होते. वाँटेजच्या मठात राहून रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे शिकल्या आणि तिथे संस्कृतही शिकवले. धर्मांतर झाले म्हणजे त्या आता पूर्णपणे आपल्या झाल्या, अशी मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांची आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची समजूत असावी. पण रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. जेराल्डीन यांनी त्यात जातीचा अहंकार पाहिला. रमाबाईंनी उत्तर दिले की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिने आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असा त्यांचा आग्रह होता, कारण आपल्या देशबांधवांना लॅटिन परके आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतेच बाहेर पडल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवून टाकले.

रमाबाईंच्या इंग्लंडातल्या पत्रव्यवहारातला सर्वांत बोलका प्रसंग वेगळाच आहे. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा भारतात काम केलेल्या बिशपांनी तिला हरकत घेतली. भारतात परतल्यावर रमाबाईंच्या कामाला आणि प्रतिष्ठेला त्यामुळे बाध येईल, हिंदुस्थानच्या रीतीत हे बसत नाही, असा त्यांचा आधार. ज्या स्त्रीने १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत शास्त्रार्थ करून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या, जिने गावोगावच्या पुरुषांच्या सभांमध्ये पुराण सांगितले, तिला हिंदुस्थानी स्त्रीने काय करावे हे इंग्रज धर्मगुरू सांगत होते. पौर्वात्य परंपरेची मर्यादा तिच्यावर लादणारे हात पाश्चात्त्य होते. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये मांडलेले सूत्र, की पश्चिमेने आपल्या सोयीचा ‘पूर्व’ घडवला, इथे अक्षरशः लागू पडते. पण सैद यांच्या मांडणीत जे फारसे येत नाही ते रमाबाईंच्या पत्रांत आहे: त्या घडवलेल्या पूर्वेला पूर्वेकडच्या एका स्त्रीने दिलेला नकार. तो नकार त्यांनी पुण्याच्या कर्मठांनाही दिला होता आणि वाँटेजलाही दिला. म्हणून त्यांना धर्म सोडल्याबद्दल पुण्याने दूषण दिले आणि पुरेसा न सोडल्याबद्दल इंग्लंडने. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांनी रमाबाईंना इतिहासात त्यांची जागा परत मिळवून दिली, हे मराठी विचारविश्वावरचे मोठे ऋण आहे.

पश्चिम हे एकसंध आधुनिकतेचे गाठोडे होते हा समज मोडायला आणखी एक छोटे उदाहरण पुरेसे आहे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण पदवी हाती यायला तीस वर्षे लागली, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली. केंब्रिजने त्यासाठी १९४८ उजाडू दिले. या एका बाबतीत मुंबई पुढे होती.

या साऱ्या मांडणीवर पहिला गंभीर आक्षेप येतो तो सत्तेचा. राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यात मोकळी देवाणघेवाण होत नसते. ज्याच्या हाती कायदा आणि फौज आहे त्याने ‘सुधारणा’ आणली, तर तिला विरोध करणे हा स्वाभिमान ठरतो. संमतीवयाच्या कायद्याला टिळकांनी केलेल्या विरोधाचे समर्थन याच आधारावर केले जाते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मुलींचे संमतीवय दहावरून बारा करणारा १८९१ चा कायदा परक्या सरकारने केला, हे खरेच. टिळकांनी त्याआधी सुधारकांपुढे प्रतिप्रस्ताव ठेवला होता, की मुलीचे लग्न सोळाव्या आणि मुलाचे विसाव्या वर्षाआधी करणार नाही असे स्वतःला बांधून घ्या. म्हणजे सुधारणेची दिशा त्यांना अमान्य होती असे सरसकट म्हणता येत नाही. पण या युक्तिवादात एक जागा रिकामी राहते. परक्या सरकारला अधिकार नाही, हे मान्य. मग अधिकार कोणाला? समाजाला, असे उत्तर असेल तर त्या समाजात दहा वर्षांच्या मुलीचा आवाज कुठे होता? रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने १८८५ मध्ये वर्तमानपत्रात पत्रे लिहिली, तेव्हा समाजातलाच एक आवाज बोलत होता. त्याला इंग्रजी फूस म्हटले गेले. परकी सत्ता वाईट म्हणून देशी प्रवक्ता आपोआप प्रातिनिधिक ठरत नाही. शिवाय टिळकांचे स्वतःचे राजकारण आधुनिक साधनांनीच घडलेले होते: छापखाना, सार्वजनिक उत्सव, न्यायालय, शिष्टमंडळ. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लढवायला ते १९१८ मध्ये लंडनला गेले. तिथे ते हरले, पण अस्मितेचा लढा ब्रिटिश न्यायालयात लढवण्यात त्यांना काही विसंगत वाटले नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते.

इतिहासलेखनात हेच अधिक फलदायी रीतीने घडले. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर सप्रमाण टीका केली, वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून मूळ कागदपत्रांचे खंड काढायला सुरुवात केली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. राजवाडे यांच्याइतका जाज्वल्य मराठी अभिमान क्वचित कोणाचा असेल, पण त्यांनी ग्रँट डफला उत्तर दिले ते दफ्तरे धुंडाळून, अस्सल कागद आणि बखर यांत फरक करून. हा अभिमान पुराव्यापुढे मान तुकवणारा होता. आज तो धडा आपण विसरत चाललो आहोत का, अशी काळजी वाटते. ग्रँट डफच्या वंशजाकडून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे गेलेली वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्यात आली. ती अफजलखान वधाच्या वेळचीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे खुद्द संग्रहालय सांगते. हा प्रश्न इथल्या काही इतिहास संशोधकांनी उपस्थित केला, तेव्हा त्यांच्यावर श्रद्धेला धक्का लावल्याचा आरोप झाला. राजवाड्यांच्या परंपरेत तो प्रश्न विचारणे हेच अभिमानाचे काम होते.

दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो. निवडून घेण्याची, नाकारण्याची ही चैन मूठभर शिकलेल्यांची. बाकीच्यांना आधुनिकता कारखान्यातून आणि पोलिसातून भेटली. शिवाय व्यक्तीने नकार देण्याचा अधिकार ही कल्पनाच पाश्चात्त्य, तेव्हा तिच्या मापाने संस्कृती मोजणे म्हणजे निकाल आधीच ठरवणे. या दोन्ही गोष्टींना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनात उत्तर सापडते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९१६ मध्ये दाखल झालेला, पैशाअभावी परतलेला, १९२० मध्ये पुन्हा गेलेला आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवणारा हा विद्यार्थी मूठभरांतला नव्हता. १९३० च्या गोलमेज परिषदेत लंडनमध्येच त्यांनी ब्रिटिशांना विचारले की तुमच्या राज्यात अस्पृश्याला गावची विहीर खुली झाली का, देऊळ खुले झाले का, पोलिसात नोकरी मिळाली का? ब्रिटिश आधुनिकतेने आपल्या लोकांसाठी काही केले नाही, असा तो स्पष्ट दोषारोप होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व आपण स्वतः करतो असा दावा केला, आणि आंबेडकरांनी तो नाकारला. माझ्या मते विसाव्या शतकातल्या या साऱ्या चर्चेचा तो गाभ्याचा क्षण आहे. कारण तिथे पूर्व आणि पश्चिम यांचा संघर्ष नव्हता. एका संस्कृतीच्या आत, तिच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न उघडपणे टेबलावर आला होता. आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाहीत, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे आंबेडकरांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवरून सांगितले. नकाराचा अधिकार परका असेल तर सतराव्या शतकात नवऱ्याचा आणि ब्राह्मण्याचा विरोध सोसून तुकोबांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या बहिणाबाईंचे काय करायचे?

आजच्या ब्रिटनमध्ये हाच प्रश्न नव्या कपड्यांत उभा आहे. १९६६ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी एकात्मता म्हणजे सर्वांना एका साच्यात ओतणे नव्हे, समान संधी आणि सांस्कृतिक विविधता एकत्र नांदू शकतात, असे धोरण मांडले. आशियाई स्थलांतरितांना त्याचा फार फायदा झाला. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांना गणपती बसवायला, शाळा चालवायला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. या मोकळिकीचे मोल मोठे आहे. पण या धोरणाची एक उणीव होती. सरकारला बोलायला समाजाचा प्रतिनिधी हवा असे, आणि तो बहुधा पुरुष, वडीलधारा, धार्मिक संस्थेचा पदाधिकारी असे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने घरगुती हिंसेच्या आणि सक्तीच्या लग्नांच्या प्रकरणांत हीच तक्रार सातत्याने केली: आमच्या समाजाचे नेते आमचे प्रतिनिधी नाहीत. वंशवादाविरुद्ध आणि स्वतःच्या समाजातल्या सत्तेविरुद्ध एकाच वेळी उभे राहण्याची त्यांची भूमिका रमाबाईंशी नाते सांगते.

जातीच्या कायद्याचा वाद याचे सर्वांत ताजे आणि सर्वांत बोचरे रूप. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला होता. २०१३ मध्ये संसदेने तो अधिकार बदलून बंधन केले. मध्यंतरी, २०१० मध्ये सरकारनेच करवलेल्या पाहणीत ब्रिटनमध्ये जातिभेदाचे पुरावे आढळले होते. आंबेडकरवादी, रविदासी आणि इतर दलित संघटनांनी कायद्याची मागणी केली. अनेक हिंदू संघटनांनी विरोध केला, आणि २०१७ च्या सार्वजनिक सल्लामसलतीनंतर जुलै २०१८ मध्ये सरकारने ही तरतूदच मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. विरोधकांचे मुद्दे ऐकून घेतले पाहिजेत. जातीची व्याख्या इंग्रजांच्या जनगणनेने घट्ट केली, हा त्यांचा मुद्दा निराधार नाही. नव्या पिढीला विसरलेली ओळख कायद्याने पुन्हा चिकटेल ही भीतीही प्रामाणिक असू शकते. संपूर्ण समाजाला मागास म्हणून रंगवले जाईल ही चिंता तर खरीच आहे, कारण ब्रिटिश वर्तमानपत्रांना तशी सवय आहे. पण रखमाबाईंच्या खटल्यातही वसाहतीचा कायदा होता आणि तो खुशाल वापरला गेला. एखादी गोष्ट वसाहतीने घट्ट केली म्हणून तिचा त्रास सोसणाऱ्याचे दुखणे कमी होत नाही. ओळख चिकटण्याची भीती घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ज्याला कामाच्या ठिकाणी, वृद्धाश्रमात किंवा लग्नाच्या बैठकीत जात विचारली जाते, तो ती विसरू शकलेला नाही.

सध्याची स्थिती अशी की संरक्षण आहे, पण ते ज्याचे त्याने सिद्ध करायचे. घरकामासाठी भारतातून आणलेल्या एका स्त्रीच्या दाव्यात एम्प्लॉयमेंट अपील ट्रायब्युनलने २०१४ मध्ये म्हटले की जात काही प्रसंगी वांशिक मूळ या व्याख्येत बसू शकते. पुढच्या वर्षी तिला थकलेल्या किमान वेतनापोटी १,८३,००० पौंडांहून अधिक रक्कम मंजूर झाली. ‘बसू शकते’ आणि ‘बसते’ यांतले अंतर वकिलाची फी परवडणाऱ्यालाच कापता येते. ते अंतर कायद्याच्या एका ओळीने मिटवता येईल. ब्रिटनमधल्या मराठी संस्थांनी ही मागणी उघडपणे उचलावी असे मला मनापासून वाटते. ज्या डॉ. आंबेडकरांचे किंग हेन्रीज रोडवरचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक केले, त्यांच्या नावाने तिथे हार घालणारे आणि कायद्याला विरोध करणाऱ्या निवेदनांवर गप्प राहणारे लोक एकच असू नयेत.